माठाखालची बारूद

एका सकाळी माझ्या सासऱ्यांनी चहाच्या कपाशेजारी कागदाच्या तीन पुड्या मांडल्या आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्ही केमिस्ट्रीचे. यातली कोणती बारूद रिव्हॉल्वरला चालंल, तेवढं सांगा." बारूद हा शब्द कानावर पडेपर्यंत मी त्यातली एक पुडी सुंठ समजून हातात घेतलेली होती.

मी केमिस्ट्रीचा होतो हे खरं. भूकंपानंतर लातुरात दोनच गोष्टी भराभर उभ्या राहिल्या, एक आरसीसीची घरं आणि दुसरे त्या घरांवरचे क्लासचे बोर्ड. अशाच एका बोर्डावर टाय लावलेला माझाही फोटो होता. आमच्या क्लासला प्रयोगशाळा नव्हती, पण एसी होता. बारूद कशाकशाची बनते हे चार पर्याय दिले असते तर मी डोळे मिटून सांगितलं असतं, पण खरी बारूद समोर ठेवल्यावर तिच्यात आणि वाटलेल्या मिऱ्यांत मला फरक करता येईना. ज्ञानदानाचं आमचं कार्य त्यामुळं कधी अडलं नाही.

सासरे औसा तालुक्यातले. भूकंपात सासूबाई गेल्या, घर गेलं, आणि सासरे एक ट्रंक घेऊन आमच्याकडं आले. ट्रंकेत धोतरं होती आणि रिव्हॉल्वर होतं. ते त्यांच्या वडिलांचं, निजामाच्या काळातलं. लायसन चोख, दर वेळी रिन्यू केलेलं. नळीचा बोअर मात्र इतका बारीक आणि इतका जुना, की त्याची काडतुसं मिळणं कधीच बंद झालेलं. सासरे गावाकडं रिकामी काडतुसं घरीच भरत. हे कायद्यात बसत नाही असं मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. कायदा करणाऱ्यांनी आधी काडतुसं आणून द्यावीत, असं त्यांचं म्हणणं पडलं.

खरं तर त्या रिव्हॉल्वरला आमच्या घरात काम होतं. वरच्या मजल्यावर आम्ही मुलींचं होस्टेल काढलं होतं. किनवट, नायगाव कुठून कुठून पोरी डॉक्टर व्हायला येत. त्यांचे बाप गेट बघत, जेवण बघत, शेवटी सासऱ्यांच्या कमरेचं रिव्हॉल्वरचं चामडी पाकीट बघत आणि निश्चिंत होऊन गावी जात. खंडेनवमीला आम्ही पाटावर रिव्हॉल्वर, माझा खडूचा डबा आणि पोरींचे टेस्ट पेपर ओळीनं मांडून हळदकुंकू वाहत असू. त्यातलं एकही हत्यार धड चालत नव्हतं, हे फक्त घरच्यांना ठाऊक.

पुड्यांचा हिशेब असा होता. एक किनवटकडच्या, पिकात रानडुकरं येतात म्हणून ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून आणलेली. दुसरी जत्रेत शोभेची दारू उडवणाऱ्याकडून. तिसरी सासऱ्यांनी आपल्याच जुन्या काडतुसांतून काढलेली. मी तिन्हींचा वास घेतला, गंभीर चेहरा केला आणि नांदेडला एखाद्या हत्यारांच्या दुकानदाराला विचारू म्हणालो. उत्तर येत नसलं की पोरांना 'पुढच्या तासाला बघू' म्हणायची सवय इथं कामी आली.

नांदेडातलं ते हत्यारांचं दुकान पिढीजात होतं. मालक पान खात बसले होते. त्यांनी सासऱ्यांचं लायसन पाहिलं, रिव्हॉल्वर दोन्ही हातांनी घेऊन डोळ्यांजवळ नेलं आणि अदबीनं परत दिलं. म्हणाले, "चचा, इसका माल अब नै आता. घर में भरना छोड देव, हात जाता. नया लेव." मग त्यांनी नवी रिव्हॉल्वरं काढून काचेवर मांडली आणि कोणतं किती लांब मारतं ते सांगायला सुरुवात केली. सासऱ्यांना त्यात रस नव्हता. आवाज केवढा येतो आणि पावसात भिजल्यावर येतो का, एवढंच ते प्रत्येकाबद्दल विचारत होते. मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी जावयाला शोभेल असं हसलो.

चार दिवसांनी बायकोला पाण्याच्या माठाखाली त्या पुड्या सापडल्या. सारी दुनिया बारूद कोरडी ठेवायला धडपडते आणि हे गृहस्थ ती माठाच्या ओलीत मुरवत होते. वर अंगणातली मातीही मिसळलेली. ओल आणि माती खाऊनही जी पेटेल ती खरी, असा त्यांचा शोध. तो ऐकून मला वाटलं की म्हातारपण आणि विज्ञान एका घरात नांदू नये. बायकोला मात्र हसू आलं नाही. वर पंचवीस पोरी झोपतात, खाली गॅस पेटतो आणि मधे आप्पांची बारूद, एखादीचं काही झालं तर तिच्या आईबापाला कोणत्या तोंडानं सांगायचं, असं तिनं मला सुनावलं. "आज ह्या पुड्या घराबाहेर गेल्या पाहिजेत, आणि बोलायचं तुम्हीच, कारण ते माझ्यावर डाफरतात, तुम्ही जावई आहात."

जावईपणाचा हा एकमेव फायदा घेऊन मी गच्चीवर गेलो. सासरे पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले होते, रिकामी काडतुसं फडक्यानं पुसत.

"मामा," मी म्हणालो, "तुम्हाला मारायचंय तरी कुणाला?"

"कुणाला मारायचंय वो? वाजली पायजे फक्त. भिजली तरी वाजली पायजे."

मग त्यांनी सांगितलं, खाली मान घालून, काडतूस पुसता पुसता. भूकंप झाला त्या पहाटे ते बाहेर बाजेवर होते, सासूबाई आत. रिव्हॉल्वर उशाशी ठेवायची त्यांची सवय. घराचं मातीचं माळवद कोसळलं आणि धुळीनं त्यांचा गळा असा भरला की तोंडातून शब्द निघेना. त्यांनी रिव्हॉल्वर वर करून चाप ओढला. एकामागून एक सगळी काडतुसं फुसकी निघाली. आदल्या दिवसांच्या पावसानं ओल धरली होती. त्यांनीच भरलेली, बारूदही त्यांनीच निवडलेली.

इतकं ऐकूनही मास्तरकी सुटत नाही. मी त्यांना समजावलं की वाजली असती तरी कोण धावून येणार होतं, चहूकडची गावं पडलेली होती.

"लोकांसाठी न्हाई वो," ते म्हणाले. "ती आतून हाका मारून राहिली होती. मला. तुम्ही कुठं हाव, लागलं का तुम्हाला, असं इचारून राहिली होती. दिस कासराभर वर येस्तोवर. मी हातानं माती उपसून राहिलो, पन तिला काय कळतंय. एक बार वाजला असता तर मी जित्ता हाय, एवढं तरी तिला कळलं असतं."

माठाखालच्या पुड्या देऊन टाकतो, असं ते आपण होऊनच म्हणाले. खाली बायको जिन्यापाशी उभी होती, आप्पा काय म्हणाले विचारत. देतो म्हणाले, एवढंच मी सांगितलं. तिच्या आईच्या हाकांचं मी तिला आजवर सांगितलेलं नाही.