बापाच्या फोनवरची तारीख

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी आजवर माझ्या देखत तिघांच्या थोबाडीत दिली आहे, आणि त्यातले एक आमचे सुपरवायझर होते. बाकीचे दोघे दारू पिऊन लसीच्या रांगेत घुसले होते, त्यांचं कुणाला काही वाटलं नाही. सुपरवायझरच्या वेळी मात्र चौकशी बसली. साहेबांचं म्हणणं इतकंच होतं की महिन्याचं उद्दिष्ट पुरं होत नाही, तर जी पोरं आलीच नाहीत त्यांच्या नावापुढेही ‘दिली’ टाकून द्या, नंतर देऊ सावकाश. हे ते चहा पिता पिता म्हणाले. जाऊबाईंनी हातातला कापूस ट्रेमध्ये ठेवला आणि साहेबांना एक सणसणीत ठेवून दिली. चौकशीत विचारलं, पश्चात्ताप होतो का? म्हणाल्या, "होतो. आधी चष्मा काढायला सांगायला हवं होतं."

आम्ही दोघी एकाच घरात दिलेल्या आणि एकाच लसीकरण केंद्रात कामाला. त्या टोचतात, मी टॅब्लेटवर नोंद करते. लोकांना वाटतं, काय गोडी आहे जावाजावांची! कसली गोडी डोंबलाची. घरी त्या मी घासलेल्या भांड्यांचा वास घेऊन बघतात, आणि मीही काही गरीब गाय नाही. पण केंद्रात शिरताना आम्ही भांडण चपलांसारखं बाहेर काढून ठेवतो. आत एकच कायदा, जाऊबाईंचा: सुई बाहेर, बोट आत. म्हणजे पोराच्या दंडातून सुई निघाली की त्याच क्षणी माझं बोट स्क्रीनवर पडलं पाहिजे. "संध्याकाळी भरू" हे शब्द त्यांच्यासमोर काढायचे नाहीत.

त्याला कारण आहे. त्या नोकरीत नवीन असताना जुळ्या बहिणी आल्या होत्या. एकीला ताप, म्हणून तिला नंतर या म्हणून सांगितलं आणि दुसरीला टोचलं. गर्दीचा दिवस होता. नोंदी कारकुनाने संध्याकाळी एकदम भरल्या आणि दोघींच्या नावापुढे ‘दिली’ पडलं. मग तापवालीला कोण बोलावणार? नोंद सांगत होती सगळं झालंय. वर्षाच्या आत तिला घटसर्प झाला. घसा आतून भरत गेला, श्वास आवळत गेला, आणि ती पोर जाऊबाईंच्या मांडीवर तडफडत, त्यांची मान नखांनी ओरबाडत मेली. ते ओरखडे अजून आहेत, पदर सरकला की दिसतात. तेव्हापासून खोटी नोंद म्हणजे त्यांच्या लेखी खून. खून करणाऱ्याशी जसं वागायचं तशा त्या वागतात, मग तो साहेब असो नाहीतर कुणी.

गेल्या साली कारखान्यामागच्या वस्तीत गोवर शिरला. दोन पोरं गेली. एकाचे तर डोळे आधी गेले आणि मग जीव. आमच्या टॅब्लेटवर वस्तीचा नकाशा असतो, ज्या घरात पोराची लस राहिली तिथे लाल ठिपका. जाऊबाई त्या ठिपक्यांवर चाल करून गेल्या. एका घराने दार लावून घेतलं तर खिडकीतून हात घालून कडी काढली. एका आजोबांनी काठी उगारली तर काठी हिसकून गुडघ्यावर मोडली आणि वर म्हणाल्या, "आजोबा, उद्या नवी आणून देते, आज नातू इकडे द्या." ठिपके विझत गेले. साथ तिसऱ्या गल्लीच्या पुढे सरकली नाही.

त्याच दिवसांत एक पोरगी मात्र आपण होऊन आली. कडेवर दीड वर्षाचा मुलगा, कपाळावर ताजे टाके. उजवा हात कोपरात वाकडाच राहिलेला, कारण तो मोडला तेव्हा कुणी नीट बसवलाच नव्हता. पोराचं जन्मापासूनचं लसीचं कार्ड तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलं होतं. गोवराचा एकही डोस नव्हता.

"इतके दिवस का नाही आलीस?" जाऊबाई खेकसल्या.

"घराबाहेर सोडत नव्हते," ती म्हणाली.

जाऊबाईंनी सुई भरली. मी कार्डावरचा नंबर टाकला, मुलाचं नाव आलं. राहण्याच्या ठिकाणी तिने वस्तीतल्या मैत्रिणीची खोली सांगितली, ती घातली. सुई बाहेर, बोट आत. ती नवऱ्याला सोडून पळाली होती हे तिने सांगितलं नाही, आणि मुलाच्या जन्माच्या वेळी नोंदीत कुणाचा फोन लिहिला होता हे तिला ठाऊक नव्हतं. फोन बापाचा होता. मी बोट टेकवलं आणि त्याच्या खिशात मेसेज पडला: तुमच्या बाळाला गोवराचा पहिला डोस दिला. खाली केंद्राचं नाव. त्याखाली दुसऱ्या डोसची तारीख.

तो लांबच्या शहरात गॅरेज चालवायचा. दुसऱ्याच दिवशी केंद्रात उभा राहिला. हातात ट्रकच्या चाकाचा पाना, माझ्या हाताएवढा लांब.

"माझी बायको कुठंय?"

"इथे बायका मिळत नाहीत," जाऊबाई मान वर न करता म्हणाल्या. "लस मिळते. रांगेत या."

पहिला फटका टेबलावर बसला, दुसरा खिडकीवर. काचा रांगेतल्या बायकांच्या डोक्यांवर पडल्या, पोरांनी एकच आकांत केला. मैत्रिणीच्या खोलीचा पत्ता माझ्या टॅब्लेटवर होता. मला दुसरं काही सुचेना, मी टॅब्लेट खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसले. त्याने जाऊबाईंची वेणी धरून डोकं मागे ओढलं, पाना गळ्याला लावला. "पत्ता दे." त्या त्याच्या तोंडावर थुंकल्या. मग त्याने त्यांचा डावा हात टेबलावर दाबला आणि पाना हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. जाऊबाई ओरडल्या नाहीत. दातांनी ओठ फाडून घेतला, पण पत्ता दिला नाही.

जाताना त्याने फोन उंच धरून दाखवला. "तारीख आहे माझ्याकडे. त्या दिवशी येतो. पोराला घेऊन तिला यावंच लागेल."

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, त्याला एक रात्र आत ठेवलं आणि नवराबायकोचं भांडण म्हणून सोडून दिलं. हात मोडलेली बाई ही त्याची बायको नव्हती, एवढं साधं कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही. मी तो फोन नंबर नोंदीतून काढायला बसले, तर यंत्र म्हणतं, आधी जुन्या फोनवर ओटीपी जाईल, तो सांगा. म्हणजे चोरालाच विचारायचं, बाबा रे, कुलूप बदलू का? ज्या शहाण्याने हे करून ठेवलं त्याला एकदा जाऊबाईंच्या हाती द्यायला हवा.

पोरगी मैत्रिणीच्या खोलीतून दुसऱ्या, मग तिसऱ्या खोलीत हलली. तिची मावशी लांबच्या गावी बोलवत होती, पण वस्तीच्या दोन्ही रस्त्यांवर त्याची माणसं बसलेली. "मला नको दुसरा डोस," ती रडत म्हणाली. "मला फक्त इथून काढा."

"दोन्ही होईल," जाऊबाई म्हणाल्या. प्लास्टरमधला हात त्यांनी छातीशी धरला होता. "नुसता एक डोस काही पोरांना पुरत नाही. आणि हे बघ, तो कुठल्या दिवशी कुठे असतो हे आपल्याला माहीत नाही. फक्त तारखेच्या दिवशी माहीत आहे."

बेत असा की त्या दिवशी जाऊबाई रोजच्या खुर्चीत बसतील, म्हणजे तो समोर बसून राहील. तेवढ्यात आमची दुसरी सिस्टर लसीचा डबा घेऊन पोरीच्या खोलीवर जाईल, टोचेल, आणि केंद्राच्याच गाडीतून मायलेकरांना बाहेर काढेल.

तो आला. आपली दोन्ही माणसं त्याने रस्त्यांवरून उठवून आमच्या फाटकात आणून उभी केली होती, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं. पोलिसांनी पाठवलेला हवालदार थोडा वेळ बसला आणि चहाला म्हणून जो गेला तो गेलाच. गॅरेजवाला समोरच्या बाकावर, पाना मांडीवर. आत येणाऱ्या प्रत्येक पोराचं तोंड तो वाकून बघायचा. बायका पोरांची तोंडं पदराखाली घ्यायच्या. जाऊबाई उजव्या हाताने टोचत होत्या, डावा हात प्लास्टरमध्ये. मी एकेक नोंद करत होते.

माझा फोन वाजला. दुसरी सिस्टर होती. "दिली. थांबून बघितलं, ताप-बीप काही नाही. गाडी हमरस्त्याला लागली."

मी जाऊबाईंच्या कानाशी वाकून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग नोंद कर."

"अहो, तो समोर बसलाय!"

"बसू दे की. मी कुठे त्याला उठ म्हणते?"

"जाऊबाई, मेसेज जाईल त्याला. तो गेल्यावर करते ना."

"आधीच उशीर झालाय," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे रोखून बघू लागल्या. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला, वाटलं हा टॅब्लेट यांच्याच डोक्यात घालावा. पण त्यांच्या मानेवरचे ओरखडे माझ्या समोर होते. मी बोट टेकवलं.

त्याच्या खिशात टिंग झालं. त्याने फोन काढला, ओठ हलवत वाचलं. दाराकडे बघितलं. टेबलाखाली बघितलं. पुन्हा वाचलं. दुसरा डोस दिला, केंद्राचं नाव हेच. मग त्याला कळलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की माझ्या शेजारची बाई पोराला घेऊन जमिनीवर आडवी झाली.

पाना जाऊबाईंच्या डाव्या कानावर बसला. रक्त खांद्यावरून पदरावर, पदरावरून टेबलावर. त्यांनी पडायला हवं होतं. त्या पडल्या नाहीत. उजव्या हाताने त्याची कॉलर धरली, जवळ ओढला आणि प्लास्टरचा हात त्याच्या नाकावर उतरवला. एकदा, मग पुन्हा. प्लास्टर फुटलं, नाकही फुटलं. पाना त्याच्या हातून सुटला तेव्हा रांग मोडली. आयांनी पोरं म्हाताऱ्यांच्या मांडीवर टाकली आणि त्याच्यावर तुटून पडल्या. कुणी चपलेने, कुणी पाण्याच्या बाटलीने, कुणी नुसत्या नखांनी. ज्या बाईचं थोरलं पोर गोवराने आंधळं होऊन गेलं होतं, ती धाकट्याला रांगेत सोडून त्याच्या छातीवर बसून त्याचं डोकं फरशीवर आपटत होती. त्याची माणसं फाटकातूनच पळाली. मी टॅब्लेट कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं, आणि मग स्टूल उचललं. खोटं कशाला बोलू, मला त्या मारामारीत आनंद झाला. त्याची बरगडी माझ्या स्टुलाने मोडली, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

"पुरे!" जाऊबाई ओरडल्या. "मारून टाकाल त्याला. पोरांच्या अंगावर पाय पडतील. रांग लावा." आणि एवढं बोलून त्या खाली कोसळल्या.

या वेळी त्याला सोडलं नाही. जाऊबाई आठवडाभर दवाखान्यात होत्या. डावा कान गेला, आतलं सगळं फुटलं होतं, आता काही होणार नाही म्हणाले. घरी येताना मी रिक्षात त्यांना धरून बसले होते, तर म्हणतात, "घरी नको. ठाण्यावर चल. टॅब्लेट आणलायस ना?"

ठाण्यात तोच चहावाला हवालदार होता. जाऊबाईंचं डोकं बघून तो उठून उभा राहिला. गॅरेजवाला पलीकडे गजांआड, नाकाला पट्टी. त्याचा जप्त केलेला फोन टेबलावर पिशवीत होता.

"तो फोन चालू करा," जाऊबाई म्हणाल्या. "आता त्याच्यावर एक आकडा येईल, तो वाचून दाखवा. पुढचं आम्ही बघतो."

"सिस्टर, असं करता येत नाही."

"आणि चहाला जाता येतं?"

हवालदाराने पिशवीतला फोन चालू केला. मी नोंदीत पोरीच्या नव्या फोनचा नंबर घातला. पिशवीतला फोन उजळला. हवालदाराने आकडे वाचले, मी ते टाकले. स्क्रीनवर आलं: नंबर बदलला आहे. हिरवी खूण पडली.

लगेचच जाऊबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो उजव्या कानाला लावला. मीही वाकून ऐकलं. मागे कुठेतरी पोराचं हसणं येत होतं.

"सिस्टर, आत्ता माझ्या फोनवर आलं, पुढच्या लसीची तारीख," ती पोरगी म्हणाली. "हे... हे त्यालाही गेलं का?"

"नाही गं. फक्त तुला आलंय. यापुढे तुलाच येईल."

पोरगी नुसती रडत होती, तोंडावर हात न दाबता, मोठमोठ्याने. डाव्या बाजूला गजांमागून गॅरेजवाला घसा फाडून ओरडत होता, पोरगं माझं आहे, मला कळलंच पाहिजे, पत्ता सांगा. जाऊबाईंच्या तोंडावरची रेषही हलली नाही. त्या बाजूने आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.