पेट्रोल पाहुण्याने ओतायचं

चेनसॉ जमवणाऱ्यांकडे किस्से भुशासारखे साठतात. कितीही झाडून काढा, कोपऱ्यात उरतातच! मग कुणीतरी सहज विचारतं, "काय रे, या मशिनींची कधी भीती नाही वाटत?" की झालं. समोरच्याचा चहा गार होतो.

चेनसॉ म्हणजे झाडं कापायची पेट्रोलची मशीन. आम्ही जमवतो त्या जुन्या, आता कुठेच बनत नाहीत त्या. आम्ही म्हणजे आधी माझा दादा, सुनील. करावे गावात त्याचं टू-व्हीलरचं गॅरेज, मागे आमचं भाड्याचं घर. मग म्हात्रेकाका. ते पूर्वी झाडं तोडायची कामं घ्यायचे, आता खाडीत जाळं टाकतात. जोशीसर बँकेतून रिटायर झालेले, नेरूळला फ्लॅट. कांबळे द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर. आणि मी, धाकटा. शाळेशी माझं आठवीपुढे जमलं नाही, तेव्हा दादाने हातात पाना दिला.

दादा आता नाही. साध्या तापाचं निमित्त झालं. याच्यापुढे लिहायला गेलो की पेन भिंतीवर फेकावंसं वाटतं, म्हणून किस्सेच सांगतो.

*

जोशीसरांच्या हॉलमध्ये काचेचं शोकेस आहे. लोक त्यात बाहुल्या ठेवतात, सरांनी चेनसॉ ठेवलेत. पुसून, चमकवून, दात बाहेर करून!

त्यांच्या मुलाच्या लग्नाचं चाललं होतं. मुलीकडचे घर बघायला आले. पोहे झाले. मुलीचे बाबा सारखे शोकेसकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "हे... कशासाठी?"

"छंद!" सर खूश. "एखादी चालू करून दाखवू?"

"नको, नको," म्हणत पाहुणे उठलेच. जोशीकाकूंनी कपाळावर हात मारला.

दारात चपला घालताना मुलीची आई हळूच काकूंना म्हणाली, "राग मानू नका, पण ती मधली मशीन तरी बंद करायला हवी होती. आम्ही आल्यापासून तिची साखळी हळूहळू फिरतेय."

सर हा किस्सा सांगताना इथे थांबतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "त्या मशीनमध्ये इंजिनच नाही हो!"

*

आमच्यात एक नियम आहे. तो म्हात्रेकाकांनी घातला. कुणाकडे मशीन बघायला गेलात, तर ती चालू करायचं पेट्रोल तुम्ही घेऊन जायचं. ऑइल मिसळून, आपल्या कॅनमधून. काका म्हणतात, "पेट्रोल पावन्यानं ओताचा. घरधन्याचा थेंब लावाचा नाय. त्याना मशीन दाखवली ह्या काय कमी हाय?"

कांबळे पहिल्यांदा गॅरेजवर आला तेव्हा त्याला हे माहीत नव्हतं. रिकाम्या हाताने आला. काकांनी त्याच्या मोटरसायकलच्या टाकीत नळी घातली आणि दादाच्या मशिनी एकामागून एक चालू करायला लावल्या. कांबळे खूश, आम्ही खूश. जाताना बघतो तर गाडी कोरडी!

ढकलत ढकलत तो निघाला. काका मागून ओरडले, "मानूस चांगला हाय रं! परत बोलवा त्याला!"

*

काकांचा स्वतःचा किस्सा चिंचेच्या झाडाचा आहे. जुन्या वस्तीच्या मागे एक वाळकी चिंच होती. ती पाडायचं काम त्यांना मिळालं. मशीन घरी एका झटक्यात चालू. झाडाजवळ नेली की बंद. काकांनी प्लग बदलला. चार पावलं मागे येऊन दोरी ओढली, मशीन चालू. खोडाला लावली, बंद!

काका चिडले. खोडाला वळसा घालून पलीकडे गेले, म्हटलं तिकडून कापू. तिकडे खोडात हात जाईल एवढी पोकळी होती आणि आत पणती जळत होती. भर दुपारी. सगळीकडे गुडघाभर गवत, कुणी चालत आल्याची वाटसुद्धा नाही.

काकांनी मशीन खांद्यावर टाकली आणि काम सोडून दिलं. आम्ही त्यांना चिडवायचो, "काका, घाबरलात!"

"घाबरीन नाय तं काय! मशिनीला कललं, मना नाय कललं!"

*

दादाची लाल मशीन कांबळेने आणली. द्रोणागिरीला गोदामांच्या मागे एक भंगारवाला आहे. त्याच्याकडे रिकाम्या कंटेनरच्या आडोशाला ती पडली होती. नुसता सांगाडा. पिस्टन नाही, कार्बोरेटर नाही, दोरी नाही. भंगारवाल्याचा कुत्रा त्या कंटेनरच्या बाजूला फिरकतच नव्हता.

कांबळे म्हणाला, "भाऊ, ही केवढ्याला?"

भंगारवाल्याने मशीनकडे न बघताच विचारलं, "आत्ता नेतो का?"

"नेतो की."

"मग तशीच ने. आणि थांब, चहा पिऊन जा. गाडीला बांधायला दोरी देऊ का? परत आणू नको फक्त!"

कांबळेच्या बायकोने ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. दादाला कळलं तेव्हा तो चप्पल न घालताच रिक्षात बसला. तेव्हापासून त्याचा एकच ध्यास. ही चालू करायची, हिचा आवाज एकदा ऐकायचा. देशभर जुन्या मशिनींची जेवढी माणसं त्याला ठाऊक होती, त्या सगळ्यांना त्याने फोन करून सांगितलं, "तुमच्याकडे हिचा एखादा पार्ट असेल तर बघा हो."

आणि माणसं बघत राहिली. दादा गेल्यावरही बघत राहिली.

*

दादाचा फोन मी बंद केला नव्हता. दहावं झालं आणि तो वाजला. कुर्गचे एक काका, कॉफीच्या मळ्यातले. दादाला कधी भेटलेले नव्हते. म्हणाले, "सुनीलभाई, आपका कार्बोरेटर मिल गया!"

मी सांगितलं. पलीकडे मळ्यातली पाखरं ओरडत होती. मग ते म्हणाले, "बेटा, तो किसके नाम से भेजूँ?"

माझं डोकंच फिरलं. ओरडलो, "उसी के नाम से भेजो! उसका है!"

पार्सल आलं. कुरिअरवाला हटून बसला, ज्याच्या नावाचं आहे त्यालाच देणार. मी तणतणत आत गेलो, हार घातलेला फोटो भिंतीवरून काढला आणि आणून त्याच्यासमोर धरला. "हे घे! दे यांना!"

बिचारा पांढराफटक पडला. पार्सल फोटोच्या पायाशी ठेवलं, मोबाइलवर त्याचा एक फोटो काढला, हात जोडले आणि गेला.

थोड्या वेळाने दादाच्या फोनवर मेसेज आला. 'आपले पार्सल पोचले. स्वीकारणारे: स्वतः.'

*

मग सगळेच यायला लागले. जोशीसरांनी आपल्या सर्वांत लाडक्या मशीनचा पिस्टन काढून आणला. मी म्हटलं, "सर, तुमची मशीन रिकामी झाली."

"शोकेसमध्येच असते रे," सर म्हणाले. "बाहेरून कुणाला कळतंय!" आणि तोंड फिरवून खोकत बसले.

वहिनी रोह्याला, तिच्या भावाकडे जाणार हे ठरलं होतं. घर आणि गॅरेज सोडायचं होतं. बाकी मशिनी मी या तिघांना देऊन टाकल्या. लाल तेवढी राहिली. जायच्या आधी ती एकदा तरी वाजली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दादाने जे ऐकलं नाही ते निदान या घरात वाजू दे.

एक दिवस मी दोरी इतक्या जोरात ओढली की ती तुटून हातात आली. मी मशीनला लाथ घातली. कांबळेला म्हटलं, "तो मेला ना! आता कशाला जोडताय हिला? न्या परत भंगारात!"

कांबळेने मशीन उचलून सरळ ठेवली. म्हात्रेकाका घरी गेले आणि जाळ्याची दोरी कापून घेऊन आले. खालमानेने ती मशीनमध्ये ओवत बसले. "शिव्या दे, बारक्या," म्हणाले. "आमाला दे. तिला देऊ नको."

*

आता शेवटचा. दुसऱ्या दिवशी वहिनी निघणार होती. रविवारची दुपार. चौघं गॅरेजमध्ये, लाल मशीन मधोमध. वहिनी आत स्वयंपाकघरात. दादा गेल्यापासून ती कामापुरतंच बोलायची. रडली नव्हती, निदान माझ्यासमोर नाही.

सर म्हणाले, "तू ओढ."

मी पायाने मशीन दाबून धरली. दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. मनात म्हटलं, दादा, बस झाली मस्करी.

आणि ती पेटली!

असा आवाज मी कधी ऐकला नाही. भिंतीवरचे पाने खणखणायला लागले. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. काका दोन्ही हात वर करून नाचायला लागले. मी रडत होतो आणि हसत होतो.

बराच वेळ झाला तसं मी बंद करायचं बटण दाबलं. मशीन बंद होईना. पुन्हा दाबलं. तशीच चालू.

कांबळेने खुणेने सांगितलं, राहू दे, पेट्रोल संपलं की थांबेल. मग त्याने काकांकडे बघून अंगठा वर केला, म्हणजे पेट्रोल झकास आणलंत. काकांनी मान हलवली आणि सरांकडे बोट केलं. सर दचकले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी कांबळेकडे.

कांबळेचा चेहरा उतरला. त्याने दोन्ही हात पालथे केले. रिकामे.

कुणाकडेच कॅन नव्हता. त्या दिवशी त्या घरात एकही जण पाहुणा म्हणून आला नव्हता. मी वाकून टाकीचं झाकण फिरवलं. आत बोट घातलं. बोटाला नुसती धूळ लागली.

मशीन चालूच होती. काकांचे हात आपोआप जोडले गेले. सर भिंतीला टेकले. मला ती सोडवेना आणि धरवेना.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. वहिनी पदराला हात पुसत उंबऱ्यात आली. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. मशीनकडे पाहिलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "अहो, पुरे आता. पोळ्या गार होतायत."

मशीन थांबली.