गवतावर न चालणारा माळी

मी माळी आहे आणि मला गवताची भीती वाटते. हसा, हसून घ्या. दुसऱ्या कोणाचं असतं तर मीही पोट धरून हसलो असतो.

माझी उमेदीची अकरा वर्षं सैन्यात गेली. काम एकच, जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचे. पोटावर पडायचं, हातातली बारीक सळई जमिनीत तिरकी खुपसायची, दोन बोटं पुढे सरकायचं, परत खुपसायची. सरळ खुपसली तर सुरुंगाच्या डोक्यावर दाब येतो, आणि मग पुढचं सांगायला आपण उरत नाही. जेवढी जागा तपासून होईल तेवढीला दोन्ही बाजूंनी पांढरी फीत लावत जायचं. फितीच्या आत पाय टाकायचा, बाहेरचं देव जाणे. सैन्यातून सुटल्यावर मी माजी सैनिकांना नोकऱ्या लावून देणाऱ्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने फाइल उघडली, 'जमिनीतील कामाचा अकरा वर्षांचा अनुभव' असं वाचलं आणि खूश होऊन मला एका मोठ्या इस्पितळाच्या बागेत चिकटवून दिलं. मीही 'हो साहेब' म्हणून मोकळा झालो. एवढंच तर सैन्यात नीट शिकलो होतो.

पहिल्या दिवशी मुकादमाने, म्हणजे तिथल्या मुख्य माळ्याने, इमारतीसमोरचं हिरवंगार मैदान दाखवलं आणि माझी गाळण उडाली. त्या दिवसापासून सगळी अक्कल मी गवतावर पाय न ठेवण्यासाठी वापरली. गवत कापायचं यंत्र सिमेंटच्या वाटेवर उभा राहून पुढे ढकलायचो आणि दांड्याला बांधलेल्या दोरीने परत ओढायचो. लोकांना वाटायचं, म्हातारा यंत्राला फिरायला घेऊन आलाय. मधला भाग मुकादमाच्या गळ्यात मारला. "तुमच्या हाताची सफाई मला कुठून येणार?" असं म्हटलं की तो फुगायचा आणि स्वतःच कापायचा. कडेची जमीन मात्र मी वाटेवर गुडघे टेकून, हात पोचेल तिथपर्यंत रोज सळईने टोचायचो. कोणी विचारलं तर सांगायचो, मुळांना हवा लागते. आणि गंमत बघा, खरंच लागते! कडेचं गवत असं काही माजलं की मोठ्या डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर प्रशस्तिपत्रक दिलं. शौर्याचं एक पदक आणि भित्रेपणाचं एक प्रशस्तिपत्रक, दोन्ही आमच्या कपाटात एकाच डब्यात आहेत.

पदकाचंही सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी काहीतरी मोठा तीर मारला. आमच्या तुकडीत एक जण होता, त्याला आम्ही गवई म्हणायचो, कारण त्याला गाता येत नव्हतं आणि तो थांबतही नव्हता. एका सकाळी मी वाट तपासली, फीत लावली, मागे वळून ओरडलो, "साफ आहे, या." दोघे आले. तिसरा गवई. एक सुरुंग माझ्या सळईतून सुटला होता, तो त्याच्या पायाखाली फुटला. गवई फितीबाहेर उडून पडला आणि मला हाका मारायला लागला. मी सळई टाकली आणि न तपासलेल्या जमिनीवरून धावत गेलो, त्याला पाठीवर घेतलं, तसाच धावत आणला. रस्ता यायच्या आत तो पाठीवरच गेला. मला पदक मिळालं ते धावल्याचं. 'साफ आहे' कोण म्हणालं होतं, ते कोणी विचारलंच नाही, आणि मीही शहाणा, आपणहून सांगितलं नाही.

बायकोलाही नाही. लग्न झाल्यावर ती एकदा म्हणाली, बागेत जाऊन बसू. मी म्हटलं, मला गवताने शिंका येतात. त्याला चोवीस वर्षं झाली. तेव्हापासून मला शिंका येतायत. बागेत नोकरी करणाऱ्या माणसाने घरी हे सांगायचं आणि बायकोने ऐकून घ्यायचं, यात जास्त सोशीक कोण ते तुम्हीच ठरवा.

मग यंदा तिच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. आमच्याच इस्पितळात होती, जीव वाचला, पण डावा पाय ऐकेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी महिनाभर तिला गुळगुळीत फरशीवर कठड्याला धरून चालवलं. मग एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, आता यांना खडबडीत, मऊ जमिनीवर चालवायला हवं. समोर एवढी हिरवळ आहे. घरच्या माणसाने हात धरून रोज दुपारी चालवायचं. या दोन महिन्यांत पाय सुटला तर सुटला, नाहीतर पुढे खुर्चीच."

एखाद्या आयाबाईला सांगतो म्हटलं, तर बायको ऐकेना. "मी पडले तर तुमच्या अंगावर पडेन, परक्या बाईच्या नाही." मग मी कारणं सुरू केली. आज गवत ओलं आहे. आज औषध मारलंय. आज साप दिसला म्हणे. साप! मुकादमाने ते ऐकलं आणि बिचारा दोन दिवस काठी घेऊन हिंडत होता. असे अकरा दिवस मी वाया घालवले. ती खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसून मैदानाकडे बघत राहायची. लाज वाटत होती हो मला. पण लाजेने पाय उचलत नाही.

शेवटी मला येतं तेच केलं. मैदानाच्या कडेपासून आत वीस पावलांची वाट तपासायला घेतली. सहा दिवस लागले. पोटावर पडून, सळई तिरकी, दोन बोटं, परत तिरकी. फीत कुठून आणणार? ड्रेसिंगच्या खोलीतून पट्ट्यांची चार भेंडोळी मागून आणली आणि दोन्ही कडांना ताणून खुंट्या मारल्या. मुकादम डोकं खाजवत म्हणाला, "काका, जमीन जखमी झाली का?" मी म्हटलं, नवीन रोपं लावायचीत.

सातव्या दिवशी दुपारी तिला खुर्चीतून उठवलं आणि पट्ट्यांच्या मधे उभं केलं. वाट एकाच माणसाच्या रुंदीची, म्हणून ती पुढे आणि मी मागे, तिचा उजवा हात माझ्या हातात. उजवा पाय टाकायची, डावा ओढून घ्यायची. सात झाली, दहा झाली. मी मनात एकेक पाऊल मोजत होतो आणि घामाने निथळत होतो. चौदाव्या पावलाला ती थांबली. उजवीकडे झाडाखाली एक बाक होता.

"मला तिथे बसायचंय," ती म्हणाली आणि तिने पट्टीपलीकडे पाय टाकला.

आता हे सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. माझा हात सुटला. तिने सोडवला नाही, मीच सोडला. सव्वीस वर्षांपूर्वी धावलेला पदकवाला वीर बायकोचा हात सोडून पट्टीच्या आत खांबासारखा उभा राहिला. ती आपली चार पावलं, पाच पावलं, सहा पावलं गेली. मग अडकली. तिला पुढे जाता येईना आणि मागे तर वळताच येईना.

"अहो," ती म्हणाली, "माझा पाय थरथरतोय."

मी कमरेची सळई काढली आणि खाली बसलो. तिरकी खुपसली. दोन बोटं सरकलो. परत खुपसली. सहा पावलं माझ्या वेगाने म्हणजे जवळजवळ दोन दिवस. तिचा पाय अर्धं मिनिट टिकेल की नाही, तेही सांगता येत नव्हतं.

"कोणाला तरी हाक मारतो," मी ओरडलो.

"कोणाला नको. तुम्ही या."

मी सळई टाकली, डोळे मिटले आणि धावलो. डोळे मिटून धावल्यावर व्हायचं तेच झालं. मी थेट तिच्यावर जाऊन आदळलो आणि दोघंही धपकन गवतात पडलो. दुसरं काही झालं नाही. वरच्या मजल्यांवरून पेशंट बघत होते. मी तिचे हात चाचपले, पाय चाचपले, दोन्ही पाय जागेवर होते, आणि मी रडायला लागलो. भर दुपारी, गणवेशात, हमसून हमसून.

तिने मला रडू दिलं. मग उजव्या हाताने माझ्या डोक्यातली गवताची पाती काढत म्हणाली, "रोज झोपेत ओरडता, साफ आहे, या. चोवीस वर्षं ऐकतेय. नंतर कोणाची तरी माफी मागता. मला वाटायचं, कधीतरी जागेपणी सांगाल."

मग मी सांगितलं. गवई, ती वाट, तो सुटलेला सुरुंग, सगळं. तिथेच, गवतात बसून. माझं संपल्यावर तिने बाकाकडे बघितलं.

"तिथपर्यंत जाऊ का? साफ आहे?"

"माहीत नाही गं," मी म्हटलं. "मला तसं म्हणता येणार नाही."

"नका म्हणू. हात धरा आणि चला."

तिला उठवताना मी दोनदा घसरलो, तिसऱ्यांदा जमलं. आता ती आणि मी शेजारी शेजारी होतो, कारण तिथे पट्टी नव्हती. उजवा, डावा. उजवा, डावा. बाक आला तेव्हा ती बसायच्या आधी म्हणाली, "अहो, हात दुखतोय. किती आवळून धरलाय!"

मी हात जरा सैल केला. सोडला नाही.