यंत्राला लागलेली हळद

घिवलीची तापट कीर्ती पालघरच्या कॉलेजात पीएचडीसाठी पाण्यातली भेसळ उजेडानं ओळखणारं यंत्र बनवत होती. वर्षभर ते ढिम्म होतं. खंडेनवमीला तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि त्याच हातांनी घरच्या विहिरीचं पाणी तपासायला ठेवलं. पडद्यावरची रेघ एकदम उसळली!

विभागभर पेढे वाटून झाल्यावर तिला आपली पिवळी बोटं दिसली. हळदच पाण्यात उतरली होती.

"पेढे परत मागू का आता?" ती तिच्या मार्गदर्शक प्रियदर्शिनी मॅडमपुढे तणतणली.

"कशाला? अगं, बोटाची कणभर हळद ओळखली त्यानं. आणखी काय हवं होतं तुला?"

उरलेला पेढा तोंडात कोंबून कीर्ती पाणी पुन्हा तपासण्याआधी हात खसाखसा धुवायला धावली.