चुना प्यायलेला कागद

महादेवभाऊ गेल्याचं कार्ड अकोल्याला आलं, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याचा एक कोपरा फाडलेला होता. आत काय असणार ते त्यावरूनच कळलं. असलं कार्ड वाचलं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. मी मात्र ते खिशात घातलं आणि पाच आठवडे बाळगलं. बायको रोज म्हणायची, "फाडून टाका न ते!" हात होत नव्हता. ज्या माणसानं उभा जन्म कागद वाचवण्यात घालवला, त्याच्या नावाचा कागद फाडायचा तरी कसा...

अमरावतीच्या आमच्या वाचनालयात भाऊ ग्रंथपाल आणि मी त्यांच्या हाताखालचा लेखनिक. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातल्या माळ्याच्या घरातले ते. नवं पुस्तक आलं की आधी मागच्या कोऱ्या पानाचा कोपरा दुमडायचे, मग उलटा दुमडायचे, पुन्हा सुलटा... चार घड्यांत तुटला की तोंड वाकडं करून म्हणायचे, "दिसाले गोरा, अन् अंगात जीव नाई." सभासद हसायचे. मला हसू येत नसे, कारण ही सवय त्यांना लागली ती माझ्यामुळे.

त्यांच्या गावच्या मळेकऱ्यांनी पाणपाळीचं एक जुनं बाड आमच्याकडे ठेवायला दिलं होतं. कोणत्या विहिरीवर कोणत्या घराची मोट कोणत्या वारी चालायची, हे पिढ्यान्‌पिढ्या त्यात लिहिलेलं. भांडण झालं की लोक अमरावतीला येऊन पान पाहून जात. पानं हाताळून मऊ पडली, म्हणून मी साऱ्या बाडाची नक्कल काढली. अक्षराचा गर्व होताच, म्हणून गिरणीचा चांगला गुळगुळीत पांढरा कागद निवडला. शिवाय मूळ बाड जपावं म्हणून पानापानांत वर्तमानपत्राचे कागद घालून ठेवले. भाऊंनी पाठ थोपटली. म्हणाले, "शाबास गड्या, आता शंभर वर्सं पाहाले नको."

दहा-बारा वर्षंही गेली नसतील. त्या गावची सरूबाई आली. नवरा वारलेला, आणि दीर म्हणत होते की सोमवारची पाळी तिची नाहीच. पाण्याविना तिचा वांग्यांचा मळा करपत होता. मी ऐटीत नक्कल उघडली आणि पान घडीवर मोडून तिच्या हातात आलं. मूळ बाड काढलं, तर वर्तमानपत्र जिथे जिथे टेकलं होतं तिथे तिथे पान तपकिरी पडलेलं. सरूबाई आम्हा दोघांकडे पाहून म्हणाली, "आमच्या बापजाद्याचं टिकलं, अन् तुमचं कावून नाई टिकलं जी?" भाऊंनी बाडातलं ते तपकिरी पान खिडकीशी धरलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं. सोमवार तिचाच निघाला. ती गेल्यावर भाऊ म्हणाले, "पुढच्या खेपेले हे वाचता येनार नाई." त्याच दिवशी त्यांनी वर्तमानपत्राचा शेवटचा तुकडासुद्धा बाडातून काढून टाकला.

सरूबाईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं बाळापूरला, हातकागद करणाऱ्या करीमचाचांकडे. "आमचा कागद म्हंजे अंबाडी अन् जुने दोर, चुन्यात भिजोयेल. चुना पेला का कागद मरत नाई. गिरनीवाले तुरटी घालतेत. जीभ लावून पाहा न." भाऊंनी खरोखरच दोन्ही कागद चाटून पाहिले. गिरणीचा आंबट-तुरट लागला; तोच आंबटपणा माझ्या नकलेला आणि वर्तमानपत्राला टेकलेल्या पानांना खात आला होता. मग त्यांनी हट्टच धरला, की सारं बाड पुन्हा लिहायचं आणि ते याच कागदावर. वाचनालयाच्या समितीतले लोक म्हणाले, असला खरबरीत कागद कशाला, त्यात निब अडकते. भाऊ म्हणाले, "निब अडकते त बोरू घेतो." आणि घेतला.

तोवर मला अकोल्यात कचेरीची नोकरी लागली होती. बाळापूर जवळ, म्हणून कागद पोचवण्याचं काम माझ्याकडे आलं. कापडात गुंडाळलेला गठ्ठा घेऊन मी अमरावतीला जायचो, भाऊ कोपरे दुमडून पाहायचे आणि लिहायला बसायचे. मला त्यांनी एक ओळसुद्धा लिहू दिली नाही. माझी ती नक्कल त्यांनी माफ केलेली नाही, असंच मी धरून चाललो होतो आणि ते मला फार लागायचं.

शेवटचा भेटलो तेव्हा ते खाटेवर होते, खोकल्यानं पार वाळलेले. अकरा पानं उरली होती. म्हणाले, "आता तू लिही."

"मी? भाऊ, माझ्यामुळंच तर..."

"तुयं अक्षर कधीच वाईट नोतं गड्या. कागद वाईट होता. अन् तुले शाबास कोनं म्हनलं होतं? मी. चूक माही होती, म्हून लिवाले हातबी माहाच पायजे होता. आता हात चालत नाई." मग डोळे मिटून पडून राहिले... मी तिथेच रडलो.

गेल्या रविवारी अमरावतीला जाऊन त्यांच्या मेजाशी बसलो. डावीकडे बाड, उजवीकडे त्यांनी लिहिलेल्या पानांचा गठ्ठा, मधे बोरू. खिशातलं कार्ड काढून त्याचा उरलेला एक कोपरा दुमडला. तिसऱ्या घडीला तो हातात आला. मग मी ते कार्ड रिवाजाप्रमाणे फाडून टाकलं. कोरे कागद पुढे ओढले आणि सवयीनं कोपरा दुमडायला गेलो, तर त्यावर घडीची खूण आधीच होती. सगळे पाहिले. अकराही कागद भाऊ तपासून गेले होते आणि एकही कोपरा तुटलेला नव्हता.

त्यांचं शेवटचं पान सोमवारवर थांबलं होतं. मी बोरू शाईत बुडवला आणि लिहिलं, मंगळवार.