तुळशीरामकाकांचा ढेकर

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही धड नाही. या सदरातले अनुभव मी रविवारी चहासोबत वाचायचो आणि वाचून झाले की बायकोला म्हणायचो, याला त्या दिवशी पित्त झालं असेल. आता स्वतःचाच अनुभव लिहायला बसलोय, तेव्हा ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्या. तुमच्या जागी मी असतो तर हसलोच असतो.

माझं आर्णीला बी-बियाण्यांचं दुकान आहे. नाव गजानन, आणि देहही नावाला शोभेल असाच होता. पंगतीत मी बसलो की वाढणारा मला लांबूनच पाहायचा आणि आधी बादली भरून आणायला परत फिरायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. पण मग शुगर आली, गुडघे गेले, आणि रात्री झोपेत श्वास अडकायला लागला. वंदना, म्हणजे माझी बायको, रात्र रात्र जागी राहून मला हलवायची. शेवटी तिनेच नागपूरला नेलं आणि मी पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. भोपळ्याएवढं पोट कापून केळ्याएवढं केलं, असं डॉक्टरांनी आम्हाला समजेल अशा भाषेत सांगितलं.

ऑपरेशन सोपं हो... पथ्य अवघड. आधी नुसतं पाणी, तेही घोटघोट. मग ताक, वरणाचं पाणी, प्रोटीनची पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं पातळ, दोन-चार चमचे. जेवताना पाणी प्यायचं नाही. तळलेलं, गोड, कोरडं तर बघायचंसुद्धा नाही. तिथल्या आहाराच्या मॅडमनी वंदनाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आतले टाके अजून कच्चे आहेत, एखादा जड घास अडकून टाका सुटला तर परत टेबलावर घ्यावं लागेल, आणि ते जिवावर बेतू शकतं. वंदनाने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

पण खरा त्रास पोटाचा नव्हताच, डोक्याचा होता. पोट चार चमच्यांत भरायचं आणि मन उपाशीच राहायचं. दुकानासमोर भज्याची गाडी लागते. तिथली कढई तापली की माझं गिऱ्हाइकाकडे लक्ष नसायचं. एकदा तर गाडीवाल्याने आलूबोंडे काढलेले पाहून मी दुकानाच्या मागच्या खोलीत, पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन रडलो. एवढा मोठा बाप्या माणूस आलूबोंड्यासाठी रडतो, हे लिहितानाही लाज वाटते.

अशातच पितृपक्ष आला. आमच्याकडे पित्तर जेवू घालायची पद्धत आहे. घरातल्या गेलेल्या माणसाच्या तिथीला बाहेरच्या एखाद्याला बोलावतात, त्याचे पाय धुतात, गंध लावतात, पाटावर बसवून जेवू घालतात. तो जे जेवेल ते गेलेल्याला पोचतं असं मानतात. त्या दिवसापुरता तोच त्या घरचा पित्तर. आणि पित्तर कसा पाहिजे, तर दाबून जेवणारा. माझ्यासारखा गडी कुणाला नको असेल? त्या पंधरवड्यात माझ्या दुपारी आधीच बुक झालेल्या असायच्या.

त्यातलं सगळ्यात जवळचं बोलावणं दिग्रसजवळच्या एका खेड्यातून यायचं, प्रमोदच्या घरून. प्रमोद माझा शाळेपासूनचा मित्र, आणि मी पित्तर बसायचो ते त्याच्या वडिलांसाठी, तुळशीरामकाकांसाठी. काका माझ्याच जातकुळीचे, खाण्यातले. जेवण झालं की त्यांचा एक ठरलेला ढेकर असायचा. आधी दोन आखूड, मग एक लांबच लांब, आणि शेवटी समाधानाने "हाऽऽ बाप्पा". शेजारच्या अंगणातल्या बायका म्हणायच्या, झालं तुळशीरामभाऊचं जेवण.

असा माणूस उपाशी गेला. आतड्याचं दुखणं होतं, यवतमाळला भरती केलं होतं, आणि तोंडाने काहीही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेवटच्या दिवशी काकांनी काकीकडे वडा-कढी मागितली. काकीने दिली नाही. त्याच संध्याकाळी काका गेले. चूक कुणाचीच नव्हती, पण काकीच्या मनातून ते कधी गेलं नाही. तेव्हापासून त्यांच्या तिथीला वडे ती स्वतः तळते, समोर बसून मला जेवताना पाहते, आणि माझा ढेकर येईपर्यंत स्वतः पाण्याचा थेंब घेत नाही. काका जेवले हे तिला त्या ढेकरावरूनच पटायचं.

त्या वर्षी प्रमोदचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं आणि दुसऱ्या कुणाला तरी बसव म्हटलं. त्याने तसं घरी सांगूनही पाहिलं. काकी म्हणाली, गजू नसेल तर मी पानच वाढत नाही. आता काय करणार... गेलो. वंदनाने माझं मिक्सरमधलं वरण एका डब्यात घेतलं, चमचा घेतला, आणि गाडीत बसल्यापासून दिग्रस येईपर्यंत मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिली.

दारात काकी मला पाहून जागच्या जागी थांबली. मी बराच उतरलो होतो. तिने माझ्या मनगटाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "कायले कापून घेतलं रे पोट?" मी श्वासाचं वगैरे सांगितलं. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं असं काही वाटलं नाही.

पाय धुऊन झाले. पुढच्या खोलीत भिंतीला लागून माझा पाट मांडला होता आणि डाव्या हाताला चौरंगावर काकांचा हार घातलेला फोटो. प्रमोद दारापाशी बसला, वंदना माझ्या उजवीकडे, काकी बरोबर समोर. प्रमोदच्या बायकोने पान वाढलं. वडे, कढी, खीर, भजे, कोहळ्याची भाजी, गवारीच्या शेंगा... ते पान पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काकांच्या आठवणीने आलं असं सगळ्यांना वाटलं असेल. आलं ते वड्यांमुळे.

वंदनाने डबा उघडला. मी पानाला नमस्कार करून वरणाचे तीन चमचे खाल्ले. चौथ्याला छातीत दाटून आलं, म्हणजे आता थांबायचं. काकी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने सकाळपासून काही घेतलं नव्हतं, ओठ वाळले होते. मी म्हटलं, काकी, झालं माझं. पण ती तशीच बसून राहिली. ढेकर आला नव्हता ना.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशीबी मीनं डॉक्टरचंच ऐकलं, गजू. त्यायनं वडा मागतला, मीनं नाई देल्ला. अन् आता तूबी मले डॉक्टरचंच सांगून राह्यला."

प्रमोद खाली मान घालून बसला होता. माझा हात आपोआप पानाकडे गेला. वडा मोडला, कढीत बुडवला. मनात म्हटलं, एक घास. एका घासाने काय होतंय, चावून चावून खाईन. अर्धी काकीची माया होती आणि अर्धी वड्याची, कोणती जास्त ते मला आजही सांगता येणार नाही. वंदना फक्त "अहो" म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला तिची भीती कळली, तरीही हात थांबला नाही. कढी मनगटावरून ओघळत होती आणि वडा ओठांजवळ आला होता.

आणि ढेकर आला.

आधी दोन आखूड. मग एक लांबच लांब. मग अगदी स्वच्छ, माझ्या डाव्या कानाशी... "हाऽऽ बाप्पा".

माझं तोंड मिटलेलं होतं. हे मी कितीही वेळा, कुणाचीही शपथ घेऊन सांगायला तयार आहे. आवाज माझ्या डावीकडून आला, जिथे चौरंग होता आणि त्याच्यामागे नुसती भिंत. प्रमोद ताडकन उठून बाहेर अंगणात जाऊन पाहून आला. कुणी नव्हतं. त्याची बायको हातात कढीचं भांडं घेऊन आतून धावत आली आणि दारातच उभी राहिली. तिने काकांना हयातीत रोज ऐकलं होतं.

मला घाम फुटला होता. पण भीती म्हणावी तशी वाटली नाही. ते इतकं घरातलं वाटलं की मी जवळजवळ "या काका" म्हणणार होतो.

काकी मात्र शांत होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या हातातला वडा काढून घेतला. "जेवले ते," ती म्हणाली. "तू नको खाऊ आता. भरलं त्यायचं पोट." आणि तिथेच माझ्या पानाशेजारी बसून तिने तो कढीतला वडा स्वतः खायला सुरुवात केली. खाता खाता रडत होती आणि रडता रडता दुसरा वडा उचलत होती. वंदनाने तिला पाण्याचा तांब्या दिला. मग वंदनाही रडायला लागली, आणि प्रमोदच्या बायकोने आम्हा सगळ्यांना दटावून पानं वाढली.

परत येताना मी गाडी चालवत होतो आणि वंदना वरणाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, मी तुमच्या तोंडाकडेच बघत होते, वडा आत जातो का म्हणून, आणि तुमचे ओठ मिटलेले होते. माझ्या बोलण्याला तिने आजवर कधी एवढा ठाम दुजोरा दिला नव्हता, म्हणून लक्षात राहिलं.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना घुमवून-फिरवून विचारलं, या पोटातून मोठा ढेकर येऊ शकतो का. ते म्हणाले, हवा येते, थोडी थोडी. माझे आताचे ढेकर म्हणजे मांजराचं पिल्लू शिंकल्यासारखे आहेत. तसा आवाज काढायचा घरी प्रयत्नही करून पाहिला, दार लावून. नाही जमला. टाके व्यवस्थित आहेत, पथ्य छान पाळताय, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा वंदनाने माझ्याकडे पाहिलं आणि मी छताकडे पाहिलं. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू... त्या एका घासाने काय झालं असतं हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

अजून एक गोष्ट, तीही मला समजलेली नाही. त्या दिवसानंतर डोक्यातली भूक गेली. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर कढई तापली, वास आला, चांगला वाटला, आणि मी गिऱ्हाइकाला हरभऱ्याचं बियाणं दाखवत राहिलो.

तो आवाज कुणाचा होता, कुठून आला, मला सांगता येत नाही. आम्ही सगळ्यांनी ऐकला एवढंच खरं. कुणाकडे पटेल असं स्पष्टीकरण असेल तर जरूर कळवा, मला ते वाचायला आवडेल.

यंदा परत तिथीला गेलो. आता मी मऊ पोळी खातो, अर्धा वडाही सोसेल असं डॉक्टर म्हणालेत. पण काकीने माझ्यासमोर एक छोटी वाटी ठेवली, पातळ खिचडीची. मी वड्यांकडे पाहिलं तर म्हणाली, "तिकडं नको पाहू. तुया काकाले आता एवढंच पुरते." या वेळी ढेकर वगैरे काही आला नाही. काकीने त्याची वाटही पाहिली नाही. तिने माझ्या शेजारी आपलं पान मांडून घेतलं, आणि पहिला घास माझ्याआधी तिनेच खाल्ला.