मॅडमचं पितळी ताट

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाई, म्हणजे मला नीट सांगता येईल. कारण ह्या गोष्टीत सगळ्यांत शहाणी मी होते, आणि भर नाताळात, भर देवळात येडी ठरले तीही मीच!

साखर रेशनवर मिळायची तेव्हाची गोष्ट. आमचे हे पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू. दिवाळीच्या सुमाराला बार्शीहून बदली होऊन आम्ही सोलापुरात आलो. आता पाळकाची बदली म्हणजे पाळकीणबाईची परीक्षा! अख्खी मंडळी टक लावून बघत असते. नवी बाई बोलते कशी? गाते कशी? आणि मुख्य म्हणजे, तिची करंजी खुसखुशीत होते का? मी मनाशी पक्कं ठरवलं, पहिल्याच नाताळात नाव काढायचं.

देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आवारातच मिशनचा बंगला होता. तिथं रूथ मॅडम, त्यांचे साहेब आणि दोन गोंडस पोरं. अमेरिकेहून येऊन त्यांनाही वर्ष झालं नव्हतं. मॅडमचं मराठी अगदी पुस्तकातलं. कुत्रं अंगावर आलं तरी म्हणायच्या, "कृपया आपण दूर व्हावे!" कुत्रंही बिचारं गोंधळून थांबायचं.

डिसेंबर लागला तशी एका दुपारी बंगल्यावरची स्वयंपाकीण, वळसंगची गौराबाई, आमच्या दारात आली. हातात हे भलंमोठं पितळी ताट! काठाला द्राक्षाची वेल कोरलेली, वर क्रोशाचा रुमाल.

"मॅडमनी बिस्किटं पाठवल्यात बघा," गौराबाई म्हणाली. "पत्र्याच्या डब्याला खाली-वर निखारे लावून भाजत्यात. माहेरची लई आठवण येतीया त्यास्नी. रडत्यात बी न् भाजत्यात बी."

आईबापांपासून इतक्या लांब, परक्या मुलखात पहिला नाताळ. तेव्हाच ठरवलं, ह्या बाईला एकटं वाटू द्यायचं नाही.

आता आपली रीत तुम्हाला माहीत आहे. आलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं. निदान चिमूटभर साखर तरी घालतोच आपण. मी तर ताटभर करंज्या घातल्या आणि गौराबाईच्या हाती पाठवून दिल्या. ज्याचं ताट त्याच्या घरी गेलं, विषय संपला. खरं की नाही?

संपतोय कसला! दुसऱ्या दिवशी गौराबाई हजर. तेच ताट, तोच रुमाल, आत दुधाच्या वड्या.

"अगं, हे काय?"

"मॅडमनी इचारलं, ताट आलंय तर काय करायचं असतंय? मी म्हणलं, रिकामं न्हाय पाठवायचं."

"अगं पण ताट त्यांचंच ना?"

"ते मला काय ठावं? त्यांनी इचारलं तेवढं मी सांगितलं की!"

म्हणजे रीत पोचली, पण अर्धीच! ज्याचं ताट त्याच्याकडे गेलं की थांबायचं, हे सांगायचं राहूनच गेलं. पण म्हणून मी रिकामं पाठवणार? मी शंकरपाळे पाठवले. मॅडमकडून केक आला. मी चकल्या पाठवल्या. तिकडून मनुका घातलेला कसलासा पाव आला. आठवडाभरात आमच्या घरातली साखर संपली, तेल तळाला गेलं, आणि गौराबाई आवारात नुसती शटलगाडीसारखी फिरायला लागली.

आमचे हे म्हणाले, "अगं, जाऊन मॅडमना सांग ना सरळ, की आता पुरे."

"म्हणजे मी हरले म्हणून सांगू?"

"हरण्या-जिंकण्याचा काय संबंध? नाताळ आहे."

"म्हणूनच! उद्या मंडळीत बोभाटा होईल, बार्शीची पाळकीणबाई चकल्यांतच गळाली. तुम्ही उपदेश लिहा, फराळाचं मी बघते."

ह्यांनी लेखणी उचलली. उपदेश कुणाला करायचा नि कुणाला नाही, एवढं पाळकाला कळतं.

अशातच एके दिवशी दाविदकाका घरी आले. काका म्हणजे मंडळीचे मुख्य पंच. कडक माणूस. चहाला हात न लावता म्हणाले, "पाळकीणबाई, घात झाला. देवळातलं ताट गेलं!"

"कसलं ताट?"

"नाताळच्या अर्पणाचं. एरवी आपण थैली फिरवतो. पण नाताळला ताटच लागतं, आमच्या वाडवडलांपासून. पितळेचं. एवढं मोठं. काठाला द्राक्षवेल."

तुमच्या लक्षात आलं ना? अहो, शेंबड्या पोराच्याही लक्षात येईल! माझ्या नाही आलं. मॅडमचं ताट ते मॅडमचं, आणि देवळातलं ते देवळातलं. ते नाताळचं ताट मी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. आणि त्या क्षणी मॅडमचं ताट कुठं होतं म्हणता? आत स्वयंपाकघरात, रुमालाखाली, चिरोट्यांनी भरलेलं! त्यातलेच दोन चिरोटे बशीत घालून मी काकांपुढे ठेवले. आणि वर हळहळले, "काय तरी बाई लोक! देवाचं ताटसुद्धा सोडत नाहीत."

काकांनी चिरोटा खाल्ला आणि म्हणाले, "किल्ल्या सीमोनकडे असतात. नाताळपर्यंत ताट मिळालं नाही, तर त्याच्याकडून किल्ल्या काढून घेणार."

सीमोनमामा म्हणजे आमच्या देवळाचे झाडलोट करणारे, घंटा वाजवणारे, दिवाबत्ती बघणारे. गिरणीच्या भोंग्यावर लोकांचा विश्वास नसेल तेवढा त्यांच्या घंटेवर होता. संध्याकाळी मी त्यांना गाठलं. पायरीवर बसले होते, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर.

"बाई, आमच्या बापानं ह्या किल्ल्या सांभाळल्या," मामा म्हणाले. "माझ्या हातनं चोर म्हनून जानार व्हय त्या?"

आता मात्र मला राहवेना. मी पदर खोचला. "मामा, मी आहे ना! ते ताट मी शोधून काढणार. नाही काढलं तर नाव नाही सांगणार बार्शीचं!"

आणि काय सांगू, लागले की कामाला! फराळ बघायच्या निमित्तानं एकेकीच्या स्वयंपाकघरात शिरायचं आणि फळ्या, शिंकाळी, तांब्या-पितळेची उतरंड, सगळं डोळ्यांखालून घालायचं. एस्तेरबाईंच्या घरी तर कहर झाला. त्या चहा टाकायला वळल्या तशी मी हळूच मोरीत वाकले.

"पाळकीणबाई," मागून आवाज आला, "फराळ डब्यात हाय. मोरीत काय हुडकताय?"

"काही नाही हो, तुमची मोरी किती स्वच्छ..."

"व्हय? मग बार्शीत काय मोरीत फराळ ठेवत्यात?"

आणि एवढी पायपीट करून मी घरी यायचे, ते थेट त्याच ताटात मॅडमसाठी लाडू रचायला! देवानं वरून कपाळावर हात मारून घेतला असेल.

नाताळची सकाळ उजाडली. मॅडम उपासनेनंतर साहेबांबरोबर जीपने वळसंगकडच्या खेड्यांत जाणार, हे गौराबाईकडून कळलं होतं. माझा बेत ठरला. उपासनेला जातानाच शेवटचं ताट मॅडमच्या हाती द्यायचं. त्या तशाच जीपमध्ये बसणार. परत पाठवणार कधी? जिंकले की मी! साखर नव्हती, पण शेंगदाणे होते, गूळ होता. पहाटे उठून सोलापुरी थाटाच्या शेंगापोळ्या केल्या, वर तुपाची धार. ताट रचता रचता उशीर झाला, आणि दोन्ही हातांनी ते ताट सावरत मी देवळात पोचले तेव्हा गायन सुरू झालेलं. मॅडम पुढच्या बाकावर होत्या. मी शेजारी जाऊन बसले. ताट मांडीवर, रुमालाखाली.

गायन संपलं आणि दाविदकाका उभे राहिले. चेहरा गंभीर.

"मंडळी, सांगायला दुःख होतं. अर्पणाचं ताट मिळालं नाही. आज अर्पण थैलीतच घेऊ. आणि सीमोन आजपासून किल्ल्या..."

मी मागे वळून पाहिलं. सीमोनमामा घंटेच्या दोरापाशी मान खाली घालून उभे. सणाचा धुतलेला सदरा, आणि हातात तो जुडगा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ताडकन उठले.

"थांबा काका! मामा चोर नाहीत. ज्या कुणी ते ताट घरी नेलं असेल, आणि त्यात खुशाल गिळत बसलं असेल, त्यानं देवाला भिऊन आत्ता उभं राहावं!"

उभी कोण होती? मीच!

आणखी बोलायचं होतं, पण हातवारे केल्याशिवाय मला बोलता येत नाही. आणि हातात ताट. म्हणून मी ते शेजारी दिलं. "मॅडम, हे जरा धरा."

बस. मॅडमच्या हातात ताट आलं, आणि त्या कामाला लागल्या! माझ्यासारखीच जिद्दीची बाई हो ती. तयारीनं आली होती. रुमाल बाकावर पसरला, पोळ्या त्यावर उतरवल्या, पिशवीतून वड्यांचं पुडकं काढलं. ते सोडायला दोन्ही हात हवेत, म्हणून ताट पुढच्या चौरंगावर उभं करून ठेवलं. खिडकीतून ऊन थेट त्यावर. तुपानं चोपडलेलं ताट असं काही चमकलं म्हणता!



"अगं बया," मागून एस्तेरबाई ओरडल्या, "हे तर आपलंच ताट!"

काका थक्क. "हे... हे कुणाकडे होतं?"

"हे ताट पाळकीणबाईंचे आहे," मॅडम म्हणाल्या.

"छे! मॅडमचं आहे!" मी म्हणाले.

"माझे नाही. ते मला बंगल्याच्या कपाटात प्राप्त झाले. आपण ते करंज्यांसहित परत पाठविले, तेव्हा मला वाटले की आपलेच असेल."

बंगल्याच्या कपाटात! काकांचा चेहरा हळूहळू उतरला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गेल्या नाताळानंतर... आधीच्या मॅडमनी घासून देते म्हणून नेलं होतं. अगं देवा! मीच तर दिलं होतं."

मग जे हसू फुटलं ते बारक्या पोरांपासून साहेबांपर्यंत. आमचे हे तर व्यासपीठावर पवित्र शास्त्रात तोंड खुपसून हसत होते. मॅडमना कुणीतरी सगळं समजावलं, तशा त्या हसता हसता रडल्या, आणि मला मिठीच मारली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आता ते आनंदाचं होतं की लाजेचं, हे विचारू नका.

काका मात्र मर्द माणूस. सरळ मागे चालत गेले, सीमोनमामांपुढे हात जोडले आणि म्हणाले, "किल्ल्या तुझ्याचपाशी राहू दे, बाबा. आणि आज ताट तूच फिरव."

मामांनी पंच्यानं ताटाचं तूप पुसलं, छाती काढली आणि पहिले माझ्यापुढेच येऊन उभे राहिले.

मी पिशवी चाचपली. पिशवी कुठली? दोन्ही हातांनी ताट धरून आले होते. पैशाची पिशवी घरी, खुंटीला! मी हळूच म्हणाले, "मामा, पुढं न्या, मी नंतर देते."

मामा हलेनात. मिशीत हसले. सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाळकीणबाई, आलेलं ताट रिकामं पाठवायचं नसतंय की!"

काय करणार? मॅडमच्या रुमालावरची एक शेंगापोळी उचलली आणि मान खाली घालून ताटात ठेवली.

मागून एस्तेरबाई म्हणाल्या, "एकच व्हय?"